तारण नसलेल्यांचा अर्थतज्ज्ञ

देवळाली कॅम्पच्या बाजारात भाड्याच्या गाळ्यात दुकान थाटणाऱ्याकडे तारण ठेवण्याजोगे फारसे काही नसते. अशांच्या कर्जाला सरकारने हमी द्यावी, या विचाराने केंद्र सरकारने लघुउद्योगांसाठी जुलै १९६० मध्ये पतहमी योजना आणली. परंतु हमी मिळाली तरी कर्ज देणारी बँक जवळ हवी आणि त्या भागाची जबाबदारी कोणीतरी पत्करायला हवी. हा प्रश्न धसास लावला तो नाशिकमध्येच जन्मलेल्या धनंजयराव गाडगीळ यांनी.

जन्म १० एप्रिल १९०१ चा. शिक्षण नागपूर व केंब्रिज येथे. १९३० मध्ये त्यांनी पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेची धुरा स्वीकारली. केंब्रिजहून आलेल्या या विद्वानाने पुण्याच्या फळबाजाराची पाहणी करावी, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले असेल. पण त्यांचे अर्थशास्त्र असेच मंडईतून चालत आले होते.

प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या साथीने त्यांनी सहकारी साखर कारखाना उभारला. शेतकऱ्यांच्या तुटपुंज्या भागभांडवलाला सरकारच्या भांडवलाची जोड मिळाली. सरकारने पाठीशी उभे राहावे, मात्र कारभार सभासदांचाच असावा, हे त्यांचे सूत्र होते. पुढे अनेक कारखान्यांत ते कितपत उरले, हा वेगळा विषय. रिझर्व्ह बँकेच्या ग्रामीण पतपाहणीच्या समितीतही ते होते. १९५१-५२ मध्ये ग्रामीण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के असल्याचे तिने दाखविले. जमिनीच्या तारणाऐवजी येणाऱ्या पिकाच्या भरवशावर कर्ज द्यावे, ही तिची शिफारस सावकारी व्यवहाराच्या मुळावरच घाव घालणारी होती.

१९६७ मध्ये गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. त्या वर्षी देशातील सुमारे सहा लाख खेड्यांपैकी केवळ पाच हजारांच्या आसपास खेड्यांत व्यापारी बँका पोहोचल्या होत्या. त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने ऑक्टोबर १९६९ मध्ये जिल्हा हा घटक मानून पतपुरवठ्याची आखणी करण्याचे सुचविले. बँकांचे राष्ट्रीयीकरण नुकतेच झाले होते. डिसेंबरमध्ये अग्रणी बँक योजना सुरू झाली आणि नाशिक जिल्हा बँक ऑफ महाराष्ट्रकडे आला.

जानेवारी १९७१ मध्ये छोट्या कर्जदारांसाठी पतहमी महामंडळ स्थापन झाले. त्याच वर्षी नियोजन आयोगाचे पद सोडून पुण्याकडे परतत असताना, ३ मे रोजी धनंजयरावांचे निधन झाले.