पडायला शिकवणारे मास्तर

ज्युदो म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पांढरा ड्रेस, काळा बेल्ट आणि धाडकन आपटलेला माणूस! पण ज्यांनी ज्युदो सुरू केला ते जिगोरो कानो पेशाने शिक्षक होते. आणि हो, हॉस्टेलचे रेक्टरसुद्धा! म्हणूनच आपल्या हॉस्टेलवासीयांना त्यांची ओळख करून द्यावीशी वाटली.

कानोंचा जन्म १८६० साली जपानमधल्या मिकागे गावी झाला. आई लहानपणीच वारली आणि १८७१ मध्ये ते वडिलांकडे टोकियोला आले. अभ्यासात हुशार, पण अंगाने किरकोळ. बोर्डिंगच्या शाळेत मोठ्या मुलांनी त्यांना खूप छळलं. आज आपण ज्याला रॅगिंग म्हणतो, तेच! कमी ताकदीचा माणूसही ज्युजुत्सूने मोठ्याला लोळवू शकतो असं त्यांनी ऐकलं होतं. वडिलांना ही विद्या जुनाट वाटायची. शेवटी १८७७ मध्ये त्यांना फुकुदा हाचिनोसुके हे गुरू मिळाले.

तिथे फुकुशिमा नावाचा एक आडदांड विद्यार्थी होता. कानोंना तो काही केल्या हरेना! मग त्यांनी काय करावं? सरळ लायब्ररी गाठली, पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं चाळली आणि समोरच्याला खांद्यांवर आडवा उचलून टाकायचा डाव बसवला. फुकुशिमा चीतपट! पुढे त्यांच्या लक्षात आलं, की आधी समोरच्याचा तोल घालवला तर फेकायला फारशी ताकद लागतच नाही. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये आपण जो सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी फक्त मार्कांसाठी शिकतो, तोच हा!

१८८२ साली टोकियोच्या एइशोजी देवळात, फक्त बारा गवती चटयांच्या जागेत, नऊ विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी 'कोदोकान' सुरू केलं. तेव्हा त्यांचं वय आपल्या फायनल इयरच्या मुलांएवढं होतं. जीवघेणे डाव त्यांनी रोजच्या सरावातून काढून टाकले आणि नीट पडण्यावर भर दिला.

मी शाळेत ज्युदो शिकले आणि आता सुट्टीत गावी लहान मुलांना शिकवते. सुरुवातीचे काही आठवडे आम्ही फक्त पडतो. हनुवटी छातीशी, म्हणजे डोकं आपटत नाही. तळहात आणि कोपरापर्यंतचा हात एकदम मॅटवर, म्हणजे धक्का एकाच जागी न बसता पसरतो. मुलं कंटाळतात, फेकायचं कधी म्हणून पिच्छा पुरवतात. मग त्यांना दुसरा नियम सांगायचा : ज्याला फेकलं त्याची बाही शेवटपर्यंत सोडायची नाही, तो अलगद खाली आला पाहिजे. दहा वर्षांच्या दांडगट मुलालाही हे कळतं, कारण पुढची पाळी त्याची असते!

कानोंनी १८८२ मध्येच आपल्या घरी मुलांचं वसतिगृहही काढलं. तिथे श्रीमंताचा मुलगा असो की गरिबाचा, झाडलोट सगळ्यांनाच. हे काम त्यांनी १९१९ पर्यंत चालवलं. शिक्षक तयार करणाऱ्या टोकियोच्या मोठ्या कॉलेजचे ते अनेक वर्षं प्राचार्य होते. १९११ मध्ये जपानच्या माध्यमिक शाळांत ज्युजुत्सूला अधिकृत जागा मिळाली, त्यामागेही त्यांचे प्रयत्न होते. १९०९ मध्ये ते ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले. १९३० मध्ये मोरिहेई उएशिबांची कला (पुढे तिलाच आयकिदो नाव पडलं) पाहून त्यांनी आपले विद्यार्थी तिकडे शिकायला पाठवले. स्वतः एवढे मोठे गुरू असून! मे १९३८ मध्ये परदेशातून परतताना जहाजावरच त्यांचं निधन झालं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदो आला, तो पाहायला ते नव्हते.

मला त्यांच्या पदांपेक्षा एक गोष्ट जास्त मोठी वाटते. छळ सोसलेला मुलगा पुढे स्वतः छळणारा सिनियर होतो, हे आपण हॉस्टेलांमध्ये पाहतोच. आमचं झालं, आता तुमचं... महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, तरी ही साखळी पूर्ण तुटलेली नाही. कानोंच्या हातात डाव आले, त्यांच्या घरात पोरं राहायला आली, आणि त्यांनी त्या पोरांना आधी नीट पडायला शिकवलं.

पुढच्या वर्षी नवे ज्युनियर येतील. घरची आठवण, इंग्रजीची भीती, पहिली केटी... तेही पडतीलच. तेव्हा त्यांची बाही कोण धरणार? बघा, विचार करा!