तबकडी संपल्यावर

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या निपाणीकडच्या लहानशा मंडळीत नाताळच्या उपासनेची तयारी चालली होती. गायकवृंदाची जबाबदारी माझ्याकडे होती. एका तरुण भावाने इंग्लंडचे संगीतकार जॉन रटर यांच्या नाताळगीतांचे ध्वनिमुद्रण आणले. चार आवाजांत बांधलेले ते गायन ऐकून आम्ही भारावून गेलो. आपलेही गाणे हुबेहूब असेच व्हावे, असा ध्यास मी घेतला. आमच्या वृंदात एक मावशी आहेत. उमेदीची सारी वर्षे त्यांनी तंबाखूच्या वखारीत घालवली. आता चार शब्द गायल्या की त्यांना दम लागतो आणि ओळ मध्येच तुटते. मी त्यांना नाताळपुरते नुसते बसून ऐकण्यास सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारपासून त्या शेवटच्या बाकावर बसू लागल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका थोर गायकाचे चरित्र माझ्या वाचनात आले आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका मी पुन्हा लक्षपूर्वक ऐकल्या. ते गायक म्हणजे पंडित कुमार गंधर्व. ते आपल्या धर्माचे नव्हते. तरी देवाने दिलेल्या देणगीचे काय करावे, हे त्यांच्या जीवनातून आपणां सर्वांना शिकता येईल. विशेषतः शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी ही हकीकत मुलांना अवश्य सांगावी.

बेळगावहून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर सुळेभावी नावाचे स्थानक आहे. त्या गावी ८ एप्रिल १९२४ रोजी एका कानडी भाषिक लिंगायत कुटुंबात शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म झाला. वडिलांना गाण्याचे वेड होते. ग्रामोफोनच्या तबकड्यांचा तो काळ. शिवपुत्र पाच-सहा वर्षांचा असतानाच तबकडीवरचे गाणे ऐकून जसेच्या तसे म्हणू लागला. अब्दुल करीम खाँसाहेब, वझेबुवा अशा मोठमोठ्या गवयांच्या चिजा त्यांतील हरकतींसह या चिमुकल्या गळ्यातून निघत. ऐकणारे थक्क होत. एका मठाच्या स्वामींनी कौतुकाने त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली आणि पुढे तेच त्याचे नाव झाले. गावोगावी त्याच्या मैफली होऊ लागल्या. १९३५ साली अलाहाबादच्या संगीत परिषदेत अकरा वर्षांच्या या मुलाने नामांकित उस्तादांना चकित करून सोडले.

परंतु वाचकहो, त्या काळच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजत असे. तेवढ्यात राग सुरू होऊन संपे. मुलाला तीन मिनिटे येत होती, पण तबकडी संपल्यावर पुढे काय गावे हे त्याला कोणी शिकवले नव्हते. जे गळ्यातून निघत होते, ते दुसऱ्याचे होते.

हे ओळखणारा गुरू त्याला लाभला. मिरजेत जन्मलेले प्रा. बा. र. देवधर हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. मुंबईत त्यांनी गायनशाळा काढली होती, आणि पाश्चात्त्य संगीताचाही त्यांनी अभ्यास केला होता. १९३६ पासून सुमारे अकरा वर्षे कुमार त्यांच्यापाशी राहिले. स्वर ओळखणे, रागाची वाट समजून घेणे, आणि एका घराण्यापुरते न थांबता सर्वांकडील चांगले घेणे, हे तेथे त्यांना मिळाले. अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही ते शिकले. ऐन तारुण्यात त्यांचे नाव देशभर गाजू लागले. १९४७ साली भानुमती कंस या गुरुभगिनीशी त्यांचा विवाह झाला.

आणि त्याच वर्षी घाला आला. कुमारांना क्षयरोग झाल्याचे निदान झाले. त्या काळी क्षय म्हणजे बहुधा मृत्यूच. गाणे पूर्ण बंद करावे, असे डॉक्टरांनी सांगितले. कोरड्या हवेसाठी जानेवारी १९४८ च्या अखेरीस पतिपत्नी माळव्यातील देवास या गावी जाऊन राहिली. भानुमतींनी शाळेत नोकरी करून संसार चालवला आणि पतीची शुश्रूषा केली. ज्याचे बालपण टाळ्यांच्या कडकडाटात गेले, तो गायक पंचविशीच्या आत अंथरुणाला खिळून निमूट पडून राहिला.

गाता येत नव्हते, पण कान बंद नव्हते. पडल्या पडल्या कुमार पाखरांचे आवाज ऐकत. दारावरून जाणारे फकीर व जोगी निर्गुणी भजने म्हणत. शेजारच्या बायका लग्नाची, पावसाळ्याची, सणावारांची माळवी गाणी गात. लहानपणी कुमारांनी तबकड्या ऐकल्या होत्या त्या उचलून घेण्यासाठी. आता नक्कल करण्याची शक्तीच उरली नव्हती. म्हणून ते प्रथमच निव्वळ ऐकू लागले. चार-पाच साध्या स्वरांच्या या लोकधुनांत मोठमोठ्या रागांची बीजे आहेत, असे त्यांना दिसून आले. पुढे त्यांनी अशी शेकडो लोकगीते जमवली आणि त्यांतून काही नवे राग सिद्ध केले. आपल्या रचना त्यांनी १९६५ साली अनूपरागविलास या ग्रंथात प्रसिद्ध केल्या.

स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध मिळाल्यावर कुमार दुखण्यातून उठले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले. परंतु एक फुफ्फुस निकामी झाले होते. पूर्वीचा दमसास आता नव्हता. लांबलचक तानांचा हव्यास त्यांनी सोडला. छोटे, नेमके, विजेसारखे स्वरसमूह आणि मध्ये शांतता, अशी त्यांची गायकी झाली. काहींना ती रुचली नाही, परंपरा मोडली असा आक्षेपही आला. तरी कबीराची निर्गुणी भजने त्यांनी गायली, तेव्हा हजारो श्रोत्यांना अंतर्मुख केले. सुरदास, मीरा, तुकाराम यांची पदेही त्यांनी गायली. बालगंधर्वांची गीते गातानासुद्धा त्यांनी नक्कल केली नाही. आपल्याला ते जसे उमजले तसे गायले. ज्या मुलाचे नाव नक्कल करण्यात झाले होते, त्याने हे करावे हे विशेष.

दुःखांनी त्यांची पाठ सोडली नाही. १९६१ मध्ये बाळंतपणात भानुमतींचे निधन झाले. पुढे त्यांच्या शिष्या वसुंधरा यांनी त्यांना संसारात व गायनात साथ दिली. १९७७ साली पद्मभूषण व १९९० साली पद्मविभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे त्यांचा अंत झाला. बेळगावातील रंगमंदिराला त्यांचे नाव दिलेले आहे. मातृभाषा कानडी, गुरू मराठी, कर्मभूमी माळवा. आपल्या सीमाभागाने त्यांना कोणत्या एका भाषेचे म्हणावे?

अशीच गोष्ट पवित्र संगीताच्या क्षेत्रातही घडलेली आहे. एस्टोनिया देशाचे संगीतकार आर्वो पार्त यांनी १९६८ नंतर कित्येक वर्षे जवळजवळ काही लिहिले नाही. त्या काळात ते प्राचीन मठवासीयांचे गायन ऐकत व अभ्यासत राहिले. १९७६ साली त्यांना स्वतःची साधी, शांत शैली सापडली, आणि आज जगभरच्या मंडळ्यांत त्यांची वृंदगीते गायली जातात. आपल्याकडे रेव्ह. नारायण वामन टिळकांनी परक्या चालींवर शब्द बसवण्यापेक्षा अभंग-ओवीच्या वळणाने ख्रिस्ताचे गुण गायले. म्हणून ती गीते अजून आपल्या ओठी आहेत.

तर मग ध्वनिमुद्रणे ऐकू नयेत काय? अवश्य ऐकावीत. उत्तम वृंदगायन आणि उत्तम शास्त्रीय गायन आपल्या मुलांच्या कानांवर पडलेच पाहिजे. त्यावाचून कान तयार होत नाही. परंतु शौल राजाने आपले चिलखत दावीदाला घातले, तेव्हा त्याला त्यात चालता येईना. त्याने ते उतरवले आणि हाताच्या सवयीची गोफण घेतली. दुसऱ्याचे गाणे कितीही सुंदर असले तरी ते चिलखतच. देव आपल्यापाशी मागतो ते त्याने आपल्याला दिलेल्या श्वासाचे गाणे. मग तो श्वास आखूड का असेना.

हे उमगले त्या संध्याकाळी मी मावशींच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. त्यांनी चहा ठेवला आणि पुढच्या रविवारी कोणते गीत आहे तेवढे विचारले. आता त्या पुन्हा वृंदात उभ्या राहतात. त्यांची ओळ जेथे तुटते तेथे आम्ही सर्वच क्षणभर थांबतो आणि मग पुढची ओळ उचलतो. ध्वनिमुद्रणात तशी जागा नाही. पण मंडळीला आता ती चाल तशीच पाठ झाली आहे.