मीरासाहेबांच्या सावलीतले सूर : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

मिरजेत राहून मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेला नाही असा आपल्यात कोणी नसेल. पण तेथील आवारात ज्या थोर गवयाची कबर आहे, तेथे थांबून नाव वाचणारे किती? वर्गात मी हे विचारले, तेव्हा पाच-सहा हात वर झाले. म्हणून हा लेखनप्रपंच.

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मूळचे मिरजेचे नव्हेत. उत्तर प्रदेशातील कैराना ऊर्फ किराना या गावी १८७२ साली त्यांचा जन्म झाला. वडील काले खाँ हेच पहिले गुरू. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारी आले. तेथे ताराबाई माने यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. दोघांनी बडोदे सोडले, आणि पुढे संसार व गाणे या दोन्हींसाठी त्यांना महाराष्ट्र जवळचा झाला. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर हिचा जन्म १९०५ साली आपल्या मिरजेतच झाला.

मिरजेशी त्यांचे नाते कसे जडले याची एक हकीकत जुनी माणसे सांगतात. प्लेगच्या दिवसांत खाँसाहेब येथे आजारी पडले. त्यांनी दर्ग्यात जाऊन गायनसेवा केली, बरे झाले आणि मग मिरजेचेच होऊन राहिले. हकीकत कशीही असो, ते येथे रमले हे मात्र खरे. तंतुवाद्ये घडविणारी शिकलगार मंडळी येथे होती. खाँसाहेब स्वतःही वाद्यांच्या दुरुस्तीत तरबेज होते. तंबोरा सुरात लागल्याशिवाय ते गात नसत. सतारमेकर गल्लीतून शाळेला येणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

एक शिक्षक म्हणून मला त्यांचे दुसरे काम अधिक मोठे वाटते. त्या काळी घराण्याची विद्या घराबाहेर जात नसे. खाँसाहेबांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले आणि जातपात न पाहता मुले घेतली. रामभाऊ कुंदगोळकरांना त्यांनी आठ वर्षे शिकण्याच्या अटीवर शिष्य केले. तेच पुढे सवाई गंधर्व झाले आणि भीमसेन जोशी हे त्यांचे शिष्य. आजचे आम्ही पालक-शिक्षक मुलाला आठ महिन्यांत निकाल मागतो, हे सहज आठवले. म्हैसूर दरबारी जाऊन कर्नाटक संगीताचे बारकावेही त्यांनी आपलेसे केले. शिकविणाऱ्याने शिकणे सोडू नये, ते असे.

पण घरात दुःख होते. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. सुरेशबाबू, हिराबाई, सरस्वती ही मुले पित्याच्या नावाने नव्हे, तर माने, बडोदेकर, राणे या नावांनी गाजली. परक्यांच्या मुलांना आठ-आठ वर्षे जवळ बसवून शिकविणाऱ्या या माणसाच्या हिराबाईला पुढची तालीम किराण्याच्याच अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे घ्यावी लागली. दोष कोणाचा, हे ठरविणारे आपण कोण? पण उतारवयातील त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐका. झिंझोटीतील ती ठुमरी ऐकताना मला तरी हे घर आठवल्यावाचून राहत नाही. याच मुद्रिकेने लहानग्या भीमसेनला घर सोडायला लावले.

१९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासकडील दौऱ्यात ते रेल्वेने पाँडिचेरीस निघाले. वाटेत छातीत कळ आली, म्हणून सिंगपेरुमाळकोविल या लहानशा स्टेशनावर उतरले. तेथेच फलाटावर नमाज अदा करून, ईश्वराचे नाव सुरांत घेत त्यांनी देह ठेवला असे सांगतात. तारीख २७ ऑक्टोबर. त्यांचे पार्थिव इतक्या लांबून मिरजेला आणले गेले आणि मीरासाहेबांच्या आवारात त्यांना माती देण्यात आली.

तेव्हापासून उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. गावोगावचे गवई, हिंदू आणि मुसलमान, तेथे गाऊन जातात. हिराबाईही येऊन गाऊन गेल्या. यंदा उरुसात पाळण्यांकडे धावण्यापूर्वी, मुलांनो, थोडा वेळ त्या सभेत मागे बसून पाहा. तिकीट नसते.