कणसाचं वेड लागलेला क्रांतिकारक

माण-खटाव, जत-आटपाडीकडं वाणाची पारख दोनच गोष्टींवर होते: पदरात दाणे किती, दावणीला कडबा किती. मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ या कसाला उतरली. खर्च एकदाच झाला, पीक मात्र पिढ्यान् पिढ्या घेतोय.

डॉ. पांडुरंग खानखोजे याच वाटेचे. वर्ध्यात जन्मलेले, गदर चळवळीतले. इंग्रजांचा ससेमिरा चुकवत १९२४ मध्ये मेक्सिको गाठलं. चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवताना मका-गव्हाच्या वाणांवर राबले. वाण काढून गप्प बसले नाहीत. गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. बी बांधावर पोचलं तरच संशोधनाचा पैसा वसूल, नाहीतर कपाटातला कागद! स्वातंत्र्यानंतर मायदेशी परतले. १९६७ मध्ये नागपूरला वारले.