बर्थाबाई बेंझ

सुटीच्या दिवशीं मोटारी घेऊन सह्याद्रीच्या घाटांत जाणारीं कुटुंबें आतां आमच्या वाचकांस नवीं राहिलेलीं नाहींत. पावसाळा सरला, कीं चारही चाकांस जोर पोंचविणाऱ्या गाड्या डांबरी सडक सोडून माळशेज, ताम्हिणी अशा बाजूंच्या कच्च्या वाटांस लागतात. आई, बाप, मुलें, डबे, सतरंज्या, सर्व कांहीं आंत भरलेलें असतें. चाक चिखलांत रुतलें म्हणजे मुलें खालीं उतरून ढकलतात, आणि घरीं आल्यावर सहलीच्या वर्णनांत त्याच प्रसंगास सर्वांत अधिक रंग चढतो. या प्रकारच्या सहलीचा आरंभ कोणीं केला, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. ती सहल १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींत निघाली. गाडींत एक आई व तिचे दोन मुलगे होते, गाडीस तीनच चाकें होतीं, आणि वाटेस डांबर कोठेंच नव्हतें. त्या आईचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

बर्थाबाईंचा जन्म ३ मे १८४९ रोजीं फोर्झहाइम या गांवीं झाला. हें गांव जर्मनीच्या नैर्ऋत्य भागांत, त्या वेळच्या बाडेन संस्थानांत, श्वार्त्सवाल्ड म्हणजे काळें अरण्य या नांवाच्या डोंगराळ मुलुखाच्या उत्तर तोंडाशीं आहे. सोन्याचांदीच्या दागिन्यांकरितां तें पूर्वींपासून प्रसिद्ध. वडील कार्ल फ्रीड्रिख रिंगर सुतारकामाचा व बांधकामाचा धंदा करीत. घर खाऊनपिऊन सुखी होतें. मुलांच्या जन्माची नोंद कुटुंबाच्या पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानावर करण्याचा परिपाठ त्या घरीं होता, आणि आपल्याकडील कित्येक ख्रिस्ती घरांतही तो आहे. बर्थेच्या नोंदीपुढें वडिलांनीं, पुन्हां मुलगीच झाल्याबद्दल आपली खंत लिहून ठेविली होती. थोड्या मोठेपणीं त्या ओळी मुलीच्या स्वतःच्या दृष्टीस पडल्या असें सांगतात. जर्मन लोकांस हंसण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. आपल्या सातारा जिल्ह्यांत नको असलेल्या मुलीस नकुशी हेंच नांव ठेवीत, आणि सरकारी पुढाकारानें अशा अनेक मुलींस नवीं नांवें देण्यांत आलीं तीं २०११ सालीं.

वडील कठोर होते असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. त्यांनीं मुलीस शाळेंत घातलें, व पुढें तिच्या लग्नाकरितां चांगली रक्कमही राखून ठेविली. शाळेपलीकडील विद्येचें दार मात्र तिला बंदच होतें. बाडेनमधील विद्यापीठांनीं स्त्रियांस विद्यार्थिनी म्हणून पूर्ण प्रवेश दिला तो १९०० सालीं; त्याच वर्षीं बर्थाबाईंस एकावन्न वर्षें पूर्ण झालीं.

कार्ल बेंझ यांची व त्यांची पहिली भेट १८६९ सालीं झाली, तीही एका सहलींतच. माउलब्रॉन येथील जुना मठ पाहण्यास कांहीं मंडळी घोड्यांच्या गाडींतून निघाली होती. त्यांत बर्था व तिची आई होत्या आणि चोवीस वर्षांचा हा इंजिनिअरही होता. कार्ल दोन वर्षांचे असतांनाच त्यांचे वडील वारले. ते आगगाडीचे ड्रायव्हर होते. विधवा आईनें काबाडकष्ट करून मुलास कार्लस्रुह येथील तंत्रशाळेंत शिकविलें. त्याच्या खिशांत पैसा नव्हता, पण डोक्यांत एकच वेड होतें, घोड्यावांचून चालणारी गाडी करावयाची. घोड्याच्या गाडींत बसून त्यानें तीच गोष्ट काढली असेल, आणि मुलगी कंटाळली नाहीं, एवढ्यावरूनच पुढील लग्नाची कल्पना करितां येते.

लग्न व्हावयाच्या आधींच संकट आलें. कार्ल यांनीं १८७१ सालीं मानहाइम शहरांत एका भागीदाराबरोबर लहानसा कारखाना काढिला. भागीदार भरंवशाचा निघाला नाहीं, आणि त्याचा हिस्सा विकत घेण्यास कार्ल यांच्याजवळ कांहीं नव्हतें. तेव्हां बर्थेनें आपल्या हुंड्याची रक्कम लग्नाआधींच मागून घेतली व ती या कामीं लाविली. हुंडा हा शब्द आपल्याकडे इतक्या अश्रूंनीं भिजलेला आहे, कीं त्याचा कांहीं चांगला उपयोग झाल्याचें सांगतांना लेखणी अडखळते. पण येथें ती रक्कम कोणी मागितली नव्हती, मुलीनें आपल्या बुद्धीनें ती धंद्यांत घातली होती. या व्यवहाराची दुसरी बाजू अशी, कीं २० जुलै १८७२ रोजीं लग्न झालें आणि त्याबरोबर तिचा स्वतःच्या पैशावरील स्वतंत्र अधिकारही गेला. त्या वेळच्या कायद्यानें विवाहित स्त्रीचा व्यवहार पतीच्या हातीं असे. पुढें गाडीचें पेटंट निघालें, त्यावरही तिचें नांव नाहीं.

पुढील सात वर्षें ओढगस्तींत गेलीं. मुलें होत होतीं, कर्ज वाढत होतें, आणि कार्ल एका लहान इंजिनाच्या पाठीस लागले होते. १८७९ सालच्या शेवटच्या रात्रीं जेवण झाल्यावर बर्थाबाईंनींच पतीस पुन्हां एकदां कारखान्यांत चलण्याचा आग्रह केला. आजवर जें इंजिन रुसून बसत होतें, तें त्या रात्रीं सुरू झालें आणि थांबेना. दोघें त्याचा ठोका ऐकत उभीं राहिलीं, तों नव्या वर्षाच्या घंटा गांवांत वाजूं लागल्या. तें इंजिन स्थिर जागीं ठेवून चालविण्याचें होतें. त्याच्या विक्रीवर १८८३ सालीं बेंझ आणि कंपनी उभी राहिली, आणि गाडीच्या प्रयोगांस पैसा मिळाला.

गाडीचें पेटंट २९ जानेवारी १८८६ या तारखेचें आहे. तीन चाकें, मागें एका नळकांड्याचें इंजिन, एका घोड्याहूनही कमी शक्ति, आणि ताशीं सुमारें सोळा किलोमीटर वेग. त्याच वर्षाच्या जुलैंत मानहाइमच्या रस्त्यावर ती लोकांस दाखविण्यांत आली. लोकांनीं पाहिलें, कांहींनीं टाळ्या वाजविल्या, कांहीं हंसले. विकत मात्र जवळजवळ कोणीच घेईना. कार्ल यांचा स्वभाव असा, कीं दोष दिसला कीं पुन्हां गाडी उघडून बसावयाचें. गांवाभोंवतीं थोडे फेरे घालावे आणि परत छपराखालीं न्यावी, यापलीकडे तिची परीक्षा झालीच नव्हती. हुंडा, तारुण्य, सोळा वर्षांचा संसार, सर्व त्या छपराखालीं उभें होतें. ही गाडी घरच्या माणसांस घेऊन दूरच्या गांवीं जाऊं शकते, हें लोकांच्या डोळ्यांस दिसल्यावांचून ती खपणार नाहीं, हें जाणण्यास इंजिनिअर असण्याची गरज नव्हती.

ऑगस्टमध्यें शाळेस सुटी होती. थोरला ऑयगेन पंधरा वर्षांचा, धाकटा रिचर्ड तेरा वर्षांचा. माहेरीं फोर्झहाइमला जावयाचें, एवढेंच निमित्त. आगगाडीनें जाणें सहज शक्य होतें. पण एका पहाटे कार्ल झोंपेंत असतांना तिघांनीं तिसऱ्या नमुन्याची गाडी हळूच बाहेर काढिली, आवाज ऐकूं येणार नाहीं इतक्या अंतरावर ढकलीत नेली, आणि मग आडवें गतिचक्र हातानें फिरवून ती सुरू केली. पतीस न सांगतां निघणें योग्य कीं अयोग्य, याचा वाद आमच्या स्टाफरूममध्यें होऊं शकेल. विचारलें असतें तर परवानगी मिळाली नसती, हें मात्र नक्की.

वाट शंभर किलोमीटरांहून थोडी अधिक होती. हायडेलबर्गपर्यंतचा भाग सपाट. रस्ते बैलगाडीच्या रस्त्यांसारखे, म्हणजे दोन खोल चाकोऱ्या व मध्यें घोड्यांच्या टापांनीं उकरलेला उंचवटा. चार चाकांची गाडी चाकोरींत चाक घालून जाते. या गाडीचें पुढचें एकुलतें एक चाक मात्र नेमकें त्या उंचवट्यावर येई, आणि सुकाणूचा दांडा हाताला हिसके देई. हवेचे टायरही नव्हते. त्यांचें पेटंट डनलॉप यांनीं त्याच वर्षाच्या अखेरीस घेतलें. आजच्या चारचाकी जोराच्या गाडीस जी वाट कठीण म्हणतां येईल, तिच्याहून ही वाट त्या गाडीस सोपी नव्हती.

इंधनाची सोय कोठेंच नव्हती. गाडींत साडेचार लिटरांच्या आसपास इंधन मावे, आणि तें लिग्रॉइन नांवाचें, पेट्रोलाच्या जातीचें, कपड्यांवरील डाग काढण्याचें द्रव्य असे. तें मिळे औषधांच्या दुकानांत. वीसलोख या गांवीं बर्थाबाईंनीं औषधवाल्याकडून त्याच्या जवळचा सांठा घेतला. एका बाईस इतके डाग कशाचे काढावयाचे आहेत, असें त्यास वाटलें असल्यास नवल नाहीं. तें दुकान जगांतील पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखलें जातें, आणि तेथें या प्रसंगाचें स्मारक आहे. पाण्याची तर याहून मोठी अडचण. इंजिन गार राखणारें पाणी उकळून वाफेच्या रूपानें उडून जाई. म्हणून खानावळ, विहीर, ओढा, जें आढळेल तेथें थांबून मुलें पाणी भरीत.

मग एकेक खोड निघूं लागली. इंधनाची नळी कचऱ्यानें तुंबली, तेव्हां बर्थाबाईंनीं टोपीस लावावयाची लांब टांचणी काढून ती मोकळी केली. ठिणगी पाडणाऱ्या विजेच्या तारेचें वेष्टण झिजलें, तेव्हां मोज्याचा बंद सोडून त्यावर गुंडाळला. मागील चाकांस जोर देणारी साखळी ताणली गेली, ती ब्रुखझाल येथें लोहारानें नीट करून दिली. उतरणीवर ब्रेकचे लांकडी ठोकळे घासून निकामी होत, म्हणून एका चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. टांचणी व बंद यांची गोष्ट सर्व पुस्तकांत रंगवून सांगतात, आणि ती गमतीची आहेच. आमच्या मतें खरी मोलाची गोष्ट चामड्याची. टांचणीनें त्या दिवसाची अडचण भागली. ब्रेकवर झिजणारें अस्तर लावावें व तें झिजलें कीं बदलावें, ही युक्ति मात्र मोटारींत कायमची राहिली. घाट उतरतांना आपला जीव आजही त्याच अस्तरावर असतो.

विल्फेर्डिंगेनच्या पुढें डोंगर सुरू झाले, आणि इंजिनाची खरी लाज तेथें उघडी पडली. सपाटीवर धांवणारी गाडी चढणीवर श्वास टाकी. एकानें सुकाणू धरावें आणि बाकीच्यांनीं ढकलावें, असें करीत तिघें वर गेलीं. ऑगस्टचें ऊन, लांब घोळाचा पोशाख, धुळीनें माखलेलीं तोंडें, आणि पुढें आणखी एक टेंकडी. वाटेवरील शेतकरी व मजूर थबकून पाहत. परत फिरावें असें कोणाच्या मनांत आलें असलें, तरी कोणी परत फिरलें नाहीं. दिवेलागणीच्या सुमारास गाडी फोर्झहाइममध्यें शिरली. बर्थाबाईंनीं लगेच पतीस तार केली.

कांहीं दिवसांनीं तीं तिघें निराळ्या, थोड्या जवळच्या वाटेनें त्याच गाडींतून घरीं आलीं. कार्ल रागावले कीं नाहीं, यापेक्षां त्यांनीं काय केलें तें सांगणें बरें. चढणीसाठीं गाडीस कमी वेगाचा आणखी एक गिअर बसविला. मुलांच्या खांद्यांनीं जी उणीव दाखविली, ती कोणत्याही परीक्षकाच्या अहवालानें इतकी स्पष्ट दाखविली नसती. त्याच वर्षीं म्यूनिक येथील प्रदर्शनांत गाडीस सुवर्णपदक मिळालें. गिऱ्हाइकें मात्र एकदम धांवून आलीं नाहींत; पहिलीं बरींचशीं फ्रान्समधून आलीं. १८९९ सालीं कारखान्यानें ५७२ गाड्या केल्या, व त्या वेळीं तो जगांतील सर्वांत मोठा मोटारीचा कारखाना होता.

पुढील आयुष्य तुलनेनें शांतपणें गेलें. पांच मुलांतील शेवटची मुलगी १८९० सालीं झाली. सहकाऱ्यांशीं न पटल्यामुळें कार्ल १९०३ सालीं कंपनीच्या कारभारांतून बाजूस झाले, आणि कुटुंब मानहाइमजवळच्या लाडेनबुर्ग या लहान गांवीं राहण्यास गेलें. तेथें १९०६ सालीं बापलेकांनीं नवा कारखाना काढिला; सहलींतील दोन्ही मुलगे त्यांत होते. कार्ल यांनीं १९२५ सालीं आपलें आत्मवृत्त प्रसिद्ध केलें. जीवनाची नौका बुडूं लागली असतां आपल्याबरोबर एकच व्यक्ति टिकून राहिली व ती आपली पत्नी, अशी कबुली त्यांनीं त्यांत दिली आहे. ४ एप्रिल १९२९ रोजीं ते वारले.

बर्थाबाई त्यानंतर पंधरा वर्षें जगल्या. दुसरें महायुद्ध चालू असतां ३ मे १९४४ रोजीं त्यांस पंचाण्णव वर्षें पूर्ण झालीं. ज्या कार्लस्रुहच्या तंत्रशाळेंत त्यांच्या पतीनें शिक्षण घेतलें, व जेथें त्यांच्या मुलीपणीं मुलींस पाऊल टाकतां येत नव्हतें, त्याच संस्थेनें त्या दिवशीं त्यांस सन्मान्य सेनेटर ही पदवी दिली. दोन दिवसांनीं, ५ मे रोजीं, लाडेनबुर्ग येथील राहत्या घरीं त्यांचा अंत झाला. त्या पहाटेच्या वाटेस २००८ सालीं त्यांच्या नांवाचा स्मारकमार्ग म्हणून मान्यता मिळाली. जाण्यायेण्याचा मिळून तो १९४ किलोमीटरांचा आहे, आणि वाटेवर खुणेच्या पाट्या लावल्या आहेत.