जन्मभूमीचा हक्क

अमेरिकेच्या घटनात्मक इतिहासात नाव कोरले गेलेले वाँग किम आर्क हे पेशाने स्वयंपाकी होते. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी वस्तीत १८७३ साली त्यांचा जन्म झाला. आईवडील तेथे व्यापार करीत. मात्र चिनी माणसाला नागरिकत्व मिळवण्याची सोयच कायद्यात नव्हती. १८९० च्या सुमारास ते दोघे कायमचे चीनला परतले. मुलाने जन्मभूमी सोडली नाही.

१८९४ मध्ये वाँग चीनला गेले. पुढील वर्षी ऑगस्टमध्ये परतताच, नागरिक नसल्याचे सांगून त्यांना उतरू दिले गेले नाही. कित्येक महिने बंदरातील जहाजांवर अडकलेल्या वाँग यांनी न्यायालयात दाद मागितली. २८ मार्च १८९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी त्यांचा दावा मान्य केला. अमेरिकेत कायम वास्तव्य असलेल्या परकीयांचे तेथे जन्मलेले मूल चौदाव्या घटनादुरुस्तीनुसार नागरिकच ठरले.

तरीही संशय सरला नाही. १९०१ मध्ये टेक्सासमधील एल पासो येथे त्यांना अटक झाली. १९१० मध्ये आलेल्या थोरल्या मुलाचे नातेच अधिकाऱ्यांनी अमान्य करून त्याला परत पाठवले. १९३१ मध्ये वाँग चीनला गेले, ते परतले नाहीत.

या निकालाने मुलांना नागरिकत्व दिले. आईवडिलांना सोबत राहण्याचा हक्क दिला नाही. पालकांची हद्दपारी झाली की नागरिक मुलापुढे घर की देश, हा प्रश्न उभा राहतो. २०२५ मध्ये जन्मसिद्ध नागरिकत्वावर मर्यादा घालणारा अध्यक्षीय आदेश निघाला, तेव्हा न्यायालयांत पुन्हा या स्वयंपाक्याचेच नाव घेतले गेले.