भगवानदादांची पावले

ज्यांना नाचता येत नाही अशांचा एक मोठा समाज आपल्याकडे आहे आणि मी त्याचा आजीव सभासद आहे. तरीही वरातीत बँडवाल्याने ‘भोली सूरत’ची सुरावट धरली की हा सारा समाज रस्त्यावर उतरतो. हात कोपरात वाकवलेले, गुडघे किंचित सैल, खांदे तालावर हलते आणि पाऊल वीतभर पुढे, वीतभर मागे. हे कोणी शिकवलेले नसते. ज्यांनी हे पाऊल आपल्याला दिले त्या भगवान आभाजी पालव यांच्याविषयी मात्र आपल्याला फारच थोडे ठाऊक असते, म्हणून हा प्रपंच.

त्यांचा जन्म १९१३ साली अमरावतीला झाला. वडील कापडगिरणीत कामगार. मुंबईत भगवान यांनीही अंगमेहनतीची कामे केली. कुस्तीचा नाद होता, सिनेमाचे वेड त्याहून मोठे. मूकपटांच्या काळात त्यांचा या धंद्यात शिरकाव झाला आणि १९३८ च्या सुमारास ते दिग्दर्शनाकडे वळले. पुढची दहाबारा वर्षे त्यांनी मारामारीचे, कमी खर्चाचे चित्रपट काढले. सुशिक्षितांनी त्यांची दखल घेतली नाही, गिरणगावाने घेतली. दिवसभर मागावर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी भगवानदादांचा चित्रपट पाहून खूश होऊन घरी जाई. पुढे ‘अलबेला’त जो नाच दिसला, त्याचे मूळ मला या प्रेक्षकात दिसते. हा नृत्यशाळेतला नाच नव्हे. दमलेल्या, थोड्या जाडसर अंगाला जेवढे झेपेल तेवढेच त्यात आहे.

एक गोष्ट टाळून त्यांचे चरित्र लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात त्यांनी ललिता पवार यांना मारलेली चपराक इतकी जोरात बसली की त्यांच्या चेहऱ्याला इजा झाली आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेच्या भूमिका संपल्या. ललिताबाईंनी खाष्ट सासूच्या भूमिकांत आपले दुसरे राज्य उभे केले ते स्वतःच्या कर्तृत्वावर. त्यामुळे त्या चपराकीचे वजन कमी होत नाही.

संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, हे त्यांचे जुने मित्र. भगवानदादांच्या १९४१ च्या ‘वनमोहिनी’ या तमिळ चित्रपटाला त्यांचेच संगीत होते. मग राज कपूर यांनी मारामारी सोडून सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला दिला आणि १९५१ साली ‘अलबेला’ आला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक भगवानच. नायिका गीता बाली. गीते राजेंद्र कृष्ण यांची. रंगभूमीची स्वप्ने पाहणारा एक गरीब कारकून नट होतो, एवढीच कथा. पण ‘शोला जो भडके’ सुरू झाले की कथेची आठवण कोणाला राहते? बाँगोचा तो ठेका, लता मंगेशकरांचा आवाज आणि त्याला जोडून खुद्द चितळकरांचा! संगीताच्या बाजूला गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्यासारखी जाझमध्ये मुरलेली माणसे होती. परदेशी ताल, मराठी संगीतकार, गोव्याचे वाद्य, आणि या साऱ्यावर गिरणगावचा गडी अगदी सहज डुलतो आहे. शेजारी गीता बाली विजेसारख्या. तरी नजर पुन्हा भगवानदादांकडेच जाते, कारण आपणही असेच नाचू शकू असे त्यांच्याकडे पाहून वाटते. माझ्या मते या गाण्याच्या दीर्घायुष्याचे रहस्य हेच. चांगली चाल ऐकणारे पुष्कळ असतात. जिच्यावर आपले अंग हलते ती चाल माणूस सोडत नाही. पुढे अमिताभ बच्चन यांच्या नाचातही लोकांना हीच ढब ओळखू आली.

‘अलबेला’ धो धो चालला. चेंबूरला स्टुडिओ होताच. जुहूला समुद्रासमोर पंचवीस खोल्यांचा बंगला आला, सात मोटारी आल्या. ‘झमेला’ आणि ‘लाबेला’मध्ये तोच मसाला पुन्हा वापरला, पण जमला नाही. ‘हंसते रहना’ अपुराच राहिला. बंगला गेला, मोटारी गेल्या, स्टुडिओही गेला. ज्याच्या चित्रपटांची तिकिटे रांगा लावून घेतली जात, तो माणूस दुसऱ्यांच्या चित्रपटांत चार मिनिटांच्या नाचापुरता दिसू लागला आणि त्या चार मिनिटांवर घर चालवू लागला.

याला लोक उधळपट्टी म्हणतात. मला ते पटत नाही. मोटारींची हौस होती हे खरे, पण या माणसाने मिळवलेले बरेचसे पुन्हा चित्रपटातच घातले. एखाद्या कारखानदाराने असेच केले आणि तो बुडाला, तर आपण त्याला धाडसी म्हणतो. नट बुडाला की त्याचा चंगळवाद आठवतो. शिवाय लग्नात, गणपतीत, गॅदरिंगमध्ये त्यांच्या पावलांवर नाचलो आपण सगळे. त्यातला एक पैसाही त्यांच्याकडे गेला नाही.

गीता बाली १९६५ साली गेल्या, चितळकर १९८२ साली. भगवानदादा दादरच्या लहानशा घरात राहत होते. विसर्जनाची मिरवणूक त्या चाळीपाशी थांबे, बँड त्यांचे गाणे वाजवी आणि दादा खाली येऊन दोन पावले टाकत, असे सांगतात. ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्याच घरी, हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. २०१६ साली त्यांच्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट निघाला; मंगेश देसाई भगवानदादा झाले आणि विद्या बालन गीता बाली.